वाचनालयातील चित्रपटांची तालिका : आराखडा कसा करावा आणि निधी कोणाकडे मागावा?

वाचनालय_कार्यवाह

नमस्कार. आमचे वाचनालय पुण्यातील एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे आहे. चित्रपट मंडळाच्या जुन्या सभासदांनी वेळोवेळी दिलेल्या देणग्यांतून त्याचा चित्रपट विभाग उभा राहिला. दोन हजारांहून अधिक डीव्हीडी व व्हीसीडी, काही व्हीएचएस कॅसेटी, १६ मिलिमीटरच्या थोड्या प्रती आणि जुन्या बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका असा हा ऐवज आहे. पुस्तकांची तालिका (कॅटलॉग) आम्ही कोहा या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत केलेली आहे. चित्रपटही तिथेच नोंदवलेले आहेत, पण पुस्तकांच्याच साच्यात, म्हणजे शीर्षक, लेखकाच्या जागी दिग्दर्शक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत एवढ्याच रकान्यांत.

याचा परिणाम असा की, १९३७ सालचा ‘कुंकू’ आमच्याकडे डीव्हीडी निघाली त्या वर्षाखाली सापडतो, आणि संकलक, छायालेखक, कलादिग्दर्शक यांच्या नावावरून तर काहीच सापडत नाही. मध्यंतरी कर्णबधिर मुलांच्या शाळेतील एक शिक्षिका सबटायटल असलेले मराठी चित्रपट मागण्यासाठी आल्या होत्या. आमच्या ग्रंथपाल मॅडमना कपाट उघडून एकेका वेष्टनाची मागची बाजू वाचावी लागली, आणि त्यातून निवडून दिलेल्या काही डीव्हीडींमध्ये सबटायटल प्रत्यक्षात नव्हतीच. इतक्या साध्या मागणीला उत्तर देता येऊ नये, याची कार्यकारिणीतील सर्वांनाच खंत वाटली आणि चित्रपटांची स्वतंत्र, नीट तालिका करण्याचा प्रकल्प हाती घ्यावा, असे ठरले.

सध्या आमच्या हातात एका संगणक कंपनीचे दरपत्रक आहे. त्यात नवी प्रणाली, मोबाइल ॲप आणि सर्व्हर यांचा खर्च धरला आहे. रक्कम आमच्या वार्षिक खर्चाच्या कितीतरी पट आहे, आणि नोंदी कोण दुरुस्त करणार याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. या दरपत्रकावरूनच प्रस्ताव तयार करून निधी मागावा, असे काही विश्वस्तांचे म्हणणे आहे, परंतु मला ते पटत नाही. अशा प्रकल्पाची सुरुवात कोठून करावी, अंदाजपत्रक कशाच्या आधारे मांडावे आणि आमच्यासारख्या संस्थेने कोणाकडे अर्ज करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

तालिकाकार_नवी_पेठ

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. दृक्श्राव्य साहित्याचे तालिकीकरण मी अनेक वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अशा प्रकल्पात सर्वांत मोठा खर्च माणसांच्या वेळेचा असतो, आणि नेमका तोच दरपत्रकांत नसतो. प्रणाली कोणती घ्यावी हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी आपल्याकडे काय आहे व त्याच्या नोंदी किती अपुऱ्या आहेत हे मोजावे, असा माझा आग्रह राहील.

त्यासाठी दाखल नोंदवहीतून ठरावीक अंतराने शंभर चित्रपट निवडावेत. पहिले शंभर घेऊ नयेत, कारण ते बहुधा एकाच देणगीदाराकडून आलेले असतात आणि त्यावरून साऱ्या संग्रहाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. प्रत्येक चित्रपटासाठी एक तक्ता करावा. सध्याच्या नोंदीत काय आहे, वेष्टनावरून काय मिळते, तबकडी लावल्यावर काय कळते, बाहेरच्या संदर्भातून काय शोधावे लागले आणि या सगळ्याला किती मिनिटे लागली, हे त्यात लिहावे. वेळ घड्याळ लावूनच मोजावा, कारण पुढे निधी देणारा नेमका याच आकड्याबद्दल विचारतो. समजा, सरासरी अर्धा तास आला आणि शीर्षके दोन हजार असली, तर एक हजार तासांचे काम झाले. दिवसाला सहा तास प्रत्यक्ष काम धरले, तर एका व्यक्तीचे सुमारे १६७ दिवस होतात. ही संख्या आपल्या मोजणीतून आलेली असेल तर तिच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, रकान्यांची. आपल्याला जे हवे आहे त्यातील बहुतेक सारे कोहा वापरत असलेल्या मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित आकृतिबंधात आधीपासून आहे. त्यात प्रत्येक रकान्याला तीन अंकी क्रमांक असतो. ते कोणी भरलेले नाही, एवढेच. ध्वनिपट्टीची भाषा आणि सबटायटलची भाषा यांच्यासाठी ०४१ या रकान्यात वेगवेगळे उपरकाने आहेत. निर्मितीचा देश २५७ मध्ये, कालावधी ३०६ मध्ये, श्रेयनामावली ५०८ मध्ये आणि कलाकार ५११ मध्ये येतात. मात्र ५०८ हा नुसता मजकूर असतो. संकलकाच्या नावावरून शोध हवा असेल, तर ते नाव ७०० मध्ये भूमिकेच्या संकेतासह स्वतंत्रपणे द्यावे लागते. वर्षाचा घोळही सोडवता येतो. ००८ या रकान्यात ‘पी’ हा संकेत दिला की पहिले वर्ष डीव्हीडीचे आणि दुसरे मूळ निर्मितीचे, असे दोन्ही नोंदवता येतात. अर्थात शोधात सहसा पहिलेच वर्ष धरले जात असल्याने दुसरे वर्षही शोधात येईल, अशी व्यवस्था प्रणालीत करून घ्यावी लागते. संगणक तज्ज्ञाकडून करून घ्यायचे काम खरे तर असे आहे.

यानंतर येतो तो ‘कृती’ आणि ‘प्रत’ यांतील भेद, आणि पुण्यातील संग्रहाला तो टाळताच येणार नाही. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे अनेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झालेले आहेत. १९४१ च्या ‘शेजारी’मध्ये गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, तर ‘पडोसी’मध्ये मझहर खान आहेत. एकाला दुसऱ्याची डब केलेली आवृत्ती म्हणून नोंदवले, तर नटांची नावे चुकतात. दोन्हींचा काही संबंधच दाखवला नाही, तर अभ्यासकाला जोडी सापडत नाही. याउलट, एकाच ‘शेजारी’ची व्हीसीडी, डीव्हीडी आणि १६ मिलिमीटरची प्रत आपल्याकडे असेल, तर त्या एकाच कृतीच्या तीन प्रती होत. चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फियाफने, २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तालिकीकरणाच्या नियमावलीत कृती, तिचे भेद, प्रकट रूप (म्हणजे डीव्हीडीसारख्या माध्यमात निघालेली आवृत्ती) आणि प्रत्यक्ष प्रत अशा पायऱ्या मांडल्या आहेत. ती नियमावली विनामूल्य उपलब्ध आहे. ती संपूर्ण लागू करण्याइतके मनुष्यबळ आपल्याकडे नसेल, पण निदान कृतीची ओळख आणि प्रतीची ओळख वेगवेगळी ठेवण्याचे तत्त्व घ्यावेच.

माहिती कोठून मिळवावी, याबद्दल एक व्यवहारातील सूचना करतो. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर येणारे सेन्सॉर प्रमाणपत्र अनेक डीव्हीडींमध्येही कायम असते. तिथे चित्र थांबवून पाहिले, तर शीर्षक, भाषा, निर्मात्याचे नाव, रिळांची संख्या, लांबी आणि प्रमाणपत्राची तारीख एकाच चौकटीत मिळते. लांबी मीटरमध्ये असेल, तर ३५ मिलिमीटरच्या बोलपटासाठी २७.४ मीटरला एक मिनिट धरावे, म्हणजे ३,८०० मीटरचा चित्रपट सुमारे १३९ मिनिटांचा होतो. डीव्हीडी त्याहून बरीच कमी वेळात संपत असेल, तर प्रत कापलेली आहे, हे लगेच लक्षात येते आणि तसे नोंदीत लिहिता येते. १६ मिलिमीटरसाठी हेच प्रमाण मिनिटाला सुमारे ११ मीटर आहे. मूकपटांना हे गणित लागू पडत नाही, कारण त्यांचा वेग निश्चित नव्हता. प्रमाणपत्राचे वर्ष आणि प्रदर्शनाचे वर्ष वेगळे असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

१६ मिलिमीटरच्या प्रतींचे डबे उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर त्या प्रती इतरांपासून ताबडतोब वेगळ्या ठेवाव्यात, कारण ॲसिटेट फितीचे विघटन सुरू झाल्याची ती खूण आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जतनाचे काम करत आले आहे. अशा प्रतींबाबत तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तालिकेत प्रतीच्या स्थितीचा रकाना हवाच.

मुक्तस्रोत_कोथरूड

तालिकाकार सरांनी मूळ मुद्दा मांडलेलाच आहे. मी संगणकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

नवी प्रणाली बनवून घेऊ नये. कोहा २००० सालापासून न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून वाढत आलेली मुक्तस्रोत प्रणाली आहे, ती आपण वापरतच आहात आणि तिच्यातून मार्क २१ मध्ये सर्व नोंदी कधीही बाहेर काढता येतात. स्वतंत्रपणे बनवून घेतलेल्या प्रणालीची देखभाल करणारी कंपनी उद्या बंद पडली, तर नोंदी आत अडकतात आणि पुन्हा निधी मागण्याची वेळ येते. त्यामुळे कोणाशीही करार करताना, सर्व नोंदी प्रमाणित आकृतिबंधात आणि युनिकोडमध्ये संस्थेला केव्हाही मिळतील, हे कलम लेखी घ्यावे. वाचकांसाठी अधिक सोयीचे शोधपृष्ठ हवे असेल, तर वूफाइंडसारखा मुक्तस्रोत शोधस्तर कोहावर नंतर बसवता येतो. नोंदी चांगल्या असतील तर ते काम सोपे असते आणि नोंदी अपुऱ्या असतील तर कोणताही शोधस्तर त्यातून काही काढू शकत नाही.

नावांच्या बाबतीत विकिडेटा या महाजालावरील मुक्त माहितीसंचाचा उपयोग करावा, असे सुचवतो. ‘व्ही. शांताराम’, ‘वी. शांताराम’ आणि ‘शांताराम राजाराम वणकुद्रे’ ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे संगणकाला आपोआप कळत नाही. प्राधिकृत नोंद, म्हणजे एका व्यक्तीची सर्व नावे एकत्र बांधणारी नोंद, करून तिच्यात विकिडेटाचा क्रमांक जोडला, तर देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्यांतील रूपे एकत्र येतात. तेथील माहिती सीसी० या सर्वांना मुक्त वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली असल्याने ती घेण्यास आडकाठी नाही, आणि आपल्याकडील पडताळलेली माहिती आपण तिथे परतही देऊ शकता. जुन्या मराठी चित्रपटांच्या तंत्रज्ञांविषयी महाजालावर इतके कमी आहे की हे परत देणे मला फार मोलाचे वाटते. व्यापारी संकेतस्थळांवरील कथासार किंवा पोस्टरची चित्रे मात्र उचलू नयेत. चित्रपटाचे वर्ष किंवा संकलकाचे नाव ही वस्तुस्थिती असते, पण कोणी लिहिलेला मजकूर आणि काढलेले चित्र यांवर स्वामित्वहक्क असतो.

जमाखर्च_पिंपरी

मी विश्वस्त संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून निधीपुरते लिहितो.

प्रथम कागदपत्रे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे असे धरतो. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, प्रकल्पासाठी विश्वस्तांचा ठराव, आणि प्राप्तिकरात संस्थेला व देणगीदारांना सवलत देणाऱ्या ज्या नोंदण्या सर्वजण १२अ व ८०जी या नावांनी ओळखतात त्यांची मुदत, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा निधी हवा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करणे आवश्यक झाले आहे. हे आधी केलेले नसेल, तर चांगला प्रस्तावही कंपनीच्या टेबलावर नुसता पडून राहतो.

सीएसआर हाच आपल्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग आहे, असे माझे मत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना हे विषय एकाच नोंदीत आहेत. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हिंजवडी हा आपला परिसरच आहे. एका वर्षात संपणारे काम नसेल, तर सुरू झाले ते आर्थिक वर्ष वगळून जास्तीत जास्त तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून ते मांडता येते.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही १९७२ मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची संस्था सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य करते आणि त्यासाठी राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जावे लागते. आपले वाचनालय शासनमान्य असेल, तरच तिकडे वळावे. शासनाचे परिरक्षण अनुदान मिळत असल्यास त्यातून हा खर्च भागेल असे धरू नये. वेतन आणि ग्रंथखरेदी यांतच ते संपते. कलाविषयक संग्रहांसाठी बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडेही पाहावे.

परदेशी निधीचा विचार करत असाल, तर सावध करतो. परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, त्यासाठी संस्थेने तीन वर्षांत मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेने आपल्या वतीने निधी घेऊन तो आपल्याकडे वळवणेही बंद झाले आहे.

प्रस्तावात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द मथळ्यात ठेवू नये, असे मी आवर्जून सांगेन. कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकेला हवा तो चित्रपट देता आला नाही, ही घटना पहिल्या परिच्छेदात यावी, कारण निधी देणाऱ्याला कोणाची कोणती गरज भागणार हे समजले पाहिजे. अंदाजपत्रकात तालिकाकारांचे मानधन, प्रशिक्षण, तबकड्या तपासण्याची साधने, साठवणीची कपाटे आणि कोहातील बदल ही शीर्षे असावीत. निधी संपल्यानंतर सर्व्हरचे वार्षिक भाडे कोण भरणार, हेही स्पष्ट लिहावे. या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत. प्रकल्पाचे खाते पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावे, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र, अर्थात निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देताना धावपळ होत नाही.

वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व मी कार्यकारिणीसमोर ठेवले आणि ते दरपत्रक तूर्त बाजूला ठेवण्यास विश्वस्तांनी मान्यता दिली आहे. शंभर चित्रपटांची पाहणी संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून करावी आणि तिच्या निष्कर्षांवर प्रस्ताव लिहावा, असे ठरते आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन या कामात घ्यावे, असा ग्रंथपाल मॅडमचा विचार आहे.

दोन प्रश्न उरतात. नुसत्या पाहणीसाठी आणि आराखड्यासाठी कोणी निधी देते का, की तो भार संस्थेनेच उचलायचा असतो? आणि सबटायटलची खात्री करण्यासाठी प्रत्येक तबकडी लावून पाहणे शक्य नसेल, तर नोंद कशी करावी? वेष्टनावर विसंबून आम्ही पुन्हा कोणाला चुकीची डीव्हीडी देऊ इच्छित नाही.

जमाखर्च_पिंपरी

पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. आराखड्यासाठी वेगळे अनुदान देण्याची पद्धत परदेशी संस्थांत आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा धोक्यातील आधुनिक संग्रहांसाठीचा कार्यक्रम नियोजन आणि प्रत्यक्ष प्रकल्प यांसाठी निरनिराळी अनुदाने देतो. पण वर लिहिलेली कायद्याची अडचण तिथेही येते. आपल्याकडच्या कंपन्यांना काम दिसावे लागते, त्यामुळे पाहणीचा खर्च संस्थेने केलेला बरा. तो खर्च प्रस्तावात संस्थेचा वाटा म्हणून दाखवावा. त्याचे वजन पडते.

तालिकाकार_नवी_पेठ

सबटायटलच्या नोंदीत ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच शक्यता ठेवल्यामुळे ही अडचण येते. ०४१ मध्ये भाषेचा संकेत तबकडी लावून पाहिल्यावरच भरावा. वेष्टनावर छापलेले आहे पण तपासलेले नाही, असे असेल तेव्हा ५४६ या टिपेच्या रकान्यात ‘वेष्टनानुसार इंग्रजी सबटायटल, तपासणी बाकी’ असे ठरलेल्या शब्दांत लिहावे. शब्द सर्वांनी तेच वापरले, तर तपासणी बाकी असलेल्यांची यादी कोहातून केव्हाही काढता येते. तबकडी पूर्ण पाहण्याची गरज नसते. मेनूतील भाषेचे पान उघडावे, सबटायटल सुरू करावे आणि संवाद असलेल्या दोन-तीन ठिकाणी चित्रपट थोडा चालवून पाहावा, कारण मेनूत पर्याय असूनही पडद्यावर अक्षरे न येणाऱ्या तबकड्या असतात. व्हीसीडीला असा मेनू नसतो. तिच्यात सबटायटल असलीच तर चित्रातच उमटवलेली असतात आणि ती बंद करता येत नाहीत, म्हणून तसे वेगळे लिहावे. तपासणाऱ्याची आद्याक्षरे आणि तारीख प्रतीच्या नोंदीतील कर्मचाऱ्यांसाठीच्या टिपेत घालावी. विद्यार्थी बदलत राहणार असल्याने ते आवश्यक आहे. शिक्षिकाबाईंना हव्या असलेल्या मराठी चित्रपटांपासूनच तपासणी सुरू करावी, असे सुचवतो. पाहणीतले शंभर त्याव्यतिरिक्त ठेवावेत.